बोरखडीत समिती जेवली

"बाई, तुमी फक्त सायबांले येळेवर घेऊन या. बाकीचं आमी पाहून घेतो," गोकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला अंगणवाडीच्या स्वयंपाकखोलीच्या दारातच अडवलं. आतून पुरण शिजल्याचा वास येत होता. भिंतीवर खडूने त्या दिवसाचा पदार्थ लिहिलेला होता, मुगाची खिचडी. आणि चुलीवर हरभऱ्याची डाळ रटरटत होती.

मी विचारलं, "हे काय मांडलंय?"

"पाहुणे येऊन राह्यले ना मुंबईवरून. त्यांले काय खिचडी वाढू?"

मी मुख्यसेविका होते. आजूबाजूच्या गावांतल्या अंगणवाड्या पाहायच्या, मुलांची वजनं बघायची, आहार नीट शिजतो की नाही ते बघायचं, हे माझं काम. बोरखडीत मुलांचं जेवण गावातल्याच बायकांचा बचत गट शिजवायचा आणि गोकर्णाबाई इंगोले त्या गटाच्या प्रमुख होत्या. नवरा गेल्यापासून त्यांनी हा गट उभा केला होता. खिचडीत शेवग्याचा पाला टाकायचा, उसळ मऊ शिजवायची, लहानग्यांना हाताने कालवून भरवायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या हाताखालच्या सगळ्या गावांत बोरखडीची पोरं वजनाला चांगली होती. मला त्याचा गर्व होता आणि मी तो लपवत नसे.

त्या वर्षी सरकारने एक समिती नेमली होती. अंगणवाडीतल्या मुलांना बायकांच्या हातचं गरम जेवण द्यायचं, की कारखान्यात तयार झालेल्या गोड पिठाची पाकिटं द्यायची, हे ठरवायला. पाकिटं बनवणारी कंपनी गेली दोन वर्षं सरकारदरबारी खेटे घालत होती. मोठ्या हॉटेलांत कार्यशाळा होत, त्यात आमच्या खात्याचे वरिष्ठ जात आणि परत आले की गरम जेवणातल्या जंतूंवर बोलू लागत. आता समिती प्रत्यक्ष एक गाव बघणार होती आणि तिने बोरखडी निवडली होती. बोरखडी पास झाली तर सगळ्या राज्यातल्या चुली वाचतील, असं मला वाटत होतं. गटातल्या बायकांनाही मी तेच सांगून ठेवलं होतं.

गाव निवडलं होतं टिपणीस यांनी. निरंजन टिपणीस हे समितीतले तज्ज्ञ, एका पोषण संस्थेचे अभ्यासक म्हणून आलेले. समितीच्या आठवडाभर आधी ते एकटेच येऊन गेले होते. चपला बाहेर काढून पोरांच्या रांगेत जमिनीवर बसले, खिचडी खाल्ली, ताट स्वतः विसळलं. बोलायला इतके गोड की गटातल्या बेबीने त्यांना डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला. माझं माणसांबद्दलचं मत सहसा चांगलं होत नाही, पण या माणसाबद्दल झालं. जाताना ते गोकर्णाबाईंना म्हणाले की माझं आजोळ इकडचंच, पुरणाची पोळी आणि कढी खाऊन किती वर्षं झाली, मुंबईत ती चव नाही. आणि आमचे अध्यक्षसाहेब पहिल्यांदाच विदर्भात येतायत, त्यांना तर कल्पनाच नाही.

बस, एवढंच. आणा म्हणाले नाहीत, करा म्हणाले नाहीत. पण आमच्याकडे पाहुण्याने एखाद्या पदार्थाची आठवण काढली आणि तो त्याच्या ताटात पडला नाही, तर घरातल्या बाईला आठ दिवस अन्न गोड लागत नाही.

म्हणून समिती यायच्या दिवशी मी दारातच गोकर्णाबाईंशी भांडले. म्हटलं, ते जेवायला येत नाहीत, मुलांचं जेवण बघायला येतायत. खिचडी शिजवा, तीच त्यांना वाढा. त्या माझ्याकडे मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, पोरांचीही काळजी करू नका, पोरांनाही आज पोळीच दिली. पाहुण्यांच्या ताटात पोळी आणि लेकरांच्या ताटात खिचडी, हे दिसायला कसं दिसलं असतं? पोरं लवकर बोलावून पहिल्या पुरणावर जेवू घातली होती. मोठं पातेलं घासून पालथं ठेवलं होतं, खोली सारवली होती, म्हणजे पाहुण्यांना बसायला जागा स्वच्छ.

डाळ, गूळ, तूप कुठून आणलं म्हणून मी विचारलं, तर बेबी हसली. प्रत्येकीने आपापल्या घरून आणलं होतं. गोकर्णाबाईंनी तर मुलीच्या बाळंतपणासाठी जमवलेलं तूप काढलं होतं. मी कपाळाला हात लावला. पण गाड्यांचा आवाज आला आणि वाद तिथेच राहिला.

समितीत चारपाच जण होते. अध्यक्ष राजहंससाहेब निवृत्त अधिकारी होते, पांढरे केस, हातात काठी, बोलणं मोजकं. हा माणूस सरळ होता, हे मी आजही म्हणते. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी मला विचारलं की या गावातली मुलं वजनाला चांगली कशी, आणि मी सांगू लागले तसं ते थांबून ऐकत राहिले. टिपणीस मागे उभे राहून मान हलवत होते. माझे अधिकारी, प्रकल्पाचे उमाळेसाहेब, सगळ्यांच्या पुढेमागे करत होते.

राजहंससाहेबांनी मुलांचं जेवण कुठे आहे विचारलं. पोरं जेवून गेली, असं बेबीने सांगितलं. साहेबांनी पालथ्या पातेल्याकडे पाहिलं, भिंतीवरची खिचडी वाचली. तेवढ्यात गोकर्णाबाई तांब्या घेऊन आल्या, हात धुवा म्हणाल्या, आणि सगळे पाटावर बसले.

ते जेवण मी विसरू शकत नाही. पोळीवर तुपाची धार, कढी, भरड्याचे वडे, पातोडीची भाजी, कुरडया. बायका वाढत होत्या आणि आग्रह करत होत्या. साहेब नको म्हणत, ताटावर हात आडवा धरत, आणि बेबी बोटांच्या फटीतून पोळी सरकवत होती. मुंबईच्या एका बाईसाहेबांना घाम फुटला, पण त्याही जेवल्या. उमाळेसाहेबांनी तर किती खाल्लं ते सांगत नाही, माणूस अजून हयात आहे.

शेवटी राजहंससाहेबांनी हात जोडले. म्हणाले, "बाई, असं जेवण मी वर्षानुवर्षं जेवलो नव्हतो."

गोकर्णाबाईंनी पदर सावरला. "कायचं सायब. रोजचंच हाये. तुमच्याजोगं काई झालं नाई, गोड मानून घ्या."

तेव्हा टिपणीस बोलले. अगदी कौतुकाच्या आवाजात. "रोज असंच करता तुम्ही?"

"हो सायब. रोजचंच."

टिपणिसांनी खिशातून पेन काढलं. त्यांचं बोलणं, त्यांचं हसणं, काहीही बदललं नव्हतं. पण ते पेन बघून मला राहवलं नाही. मी पुढे झाले आणि म्हटलं, साहेब, हे रोजचं नाही, आज तुम्ही येणार म्हणून बायकांनी घरचं सामान आणून केलंय, रोज खिचडी आणि उसळ असते.

टिपणीस माझ्याकडे वळलेच नाहीत. गोकर्णाबाईंनाच म्हणाले, "या बाई म्हणतात रोजचं नाही. मग आज मुलांचं ठरलेलं जेवण तुम्ही बदललंत का? आमच्यासाठी?"

राजहंससाहेबांचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर संकोच आला. आपल्यामुळे या गरीब बायांना खर्च पडला, असा तो संकोच होता, आणि गोकर्णाबाईंनी तो पाहिला. दारात आलेल्या माणसाला जेवल्यावर अवघडल्यासारखं वाटावं, यापरता मोठा अपमान त्यांच्या हिशेबी नव्हता. त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

"बाई उगी बोलते, सायब," त्या म्हणाल्या. "आमाले कायचा तरास? रोजचंच तर हाये."

उमाळेसाहेबांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं. पाहुण्यांसमोर तमाशा करू नका म्हणाले. मी म्हटलं, अहो, ती बाई पाहुण्यांची अब्रू राखायला बोलतेय आणि तो माणूस ते लिहून घेतोय. ते म्हणाले, तुम्हाला सगळ्यांचाच संशय. आतून सुपारी कातरण्याचे आणि हसण्याचे आवाज येत होते. जाताना गोकर्णाबाईंनी प्रत्येकाबरोबर पोळ्या बांधून दिल्या. टिपणिसांना तर चार जास्तच, आजोळचा माणूस म्हणून.

अहवाल यायला पावसाळा उजाडला. जिल्ह्याच्या बैठकीत उमाळेसाहेबांनी तो वाचून दाखवला. मी मागच्या रांगेत बसले होते. बोरखडीवर एक पूर्ण परिच्छेद होता. फलकावर एक पदार्थ आणि शिजवलेला दुसराच. भेटीच्या वेळी मुलांचे जेवण आढळले नाही. गटप्रमुखांच्या स्वतःच्या कथनानुसार तूप, गूळ, डाळ असलेले जेवण रोज शिजवले जाते. मंजूर दरात हे अशक्य असल्याने मुलांच्या शिध्यात घट करून किंवा पट फुगवून सामान इतरत्र वळवले जात असावे. एका नमुना गावात ही स्थिती असेल तर इतरत्र काय, असा प्रश्न शेवटी विचारला होता. उत्तर पुढच्या पानावर होतं: प्रमाणित, सीलबंद, पाकीटबंद आहार.

राजहंससाहेबांची त्यावर सही होती. मी नंतर त्यांना फोन केला. ते म्हणाले, "त्या बाईंना मी दोनदा विचारू दिलं. त्या दोन्ही वेळा तेच म्हणाल्या. मी काय करायला हवं होतं?" मी सांगितलं, जेवायलाच नको होतं. आणि मी फोन ठेवला.

समितीच्या सगळ्या कामातून पेपरवाल्यांना नेमका बोरखडीचा परिच्छेद मिळाला. मुलांच्या तोंडचा घास पळवणारा बचत गट. गावात तो पेपर पारावर वाचला गेला. ज्या बायांनी आपल्या घरातलं तूप ओतलं होतं, त्यांच्याकडे लोक बोट दाखवू लागले. बेबीच्या सासूने तिला दोन दिवस घरात घेतलं नाही. आणि एक जण गोकर्णाबाईंच्या दारावरून जाताना मोठ्याने म्हणाला, पोरीच्या बाळंतपणाचं तूप कुठून आलं ते आता कळलं. गोकर्णाबाई आत होत्या. त्यांनी ऐकलं.

मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, आपण लिहून देऊ, घरचं सामान होतं हे सगळ्या बाया सांगतील, दुकानदार सांगेल. त्या म्हणाल्या, "आता सांगू का, की पाहुण्यांले वाढलेलं मोजून ठेवलं होतं?" मग मी एकटीनेच अर्ज केला. अर्ज जिथे जायचा तिथे गेला आणि तिथेच राहिला.

पाकिटांचा शुभारंभ जिल्ह्याच्या मोठ्या सभागृहात झाला. आम्हा सगळ्या सेविकांना हजेरी सक्तीची होती. फ्लेक्सवर एक गुबगुबीत बाळ हसत होतं, असं बाळ आमच्या तालुक्यात मी कधी पाहिलं नव्हतं. व्यासपीठावर कंपनीची माणसं होती आणि त्यांच्यात टिपणीस. मला वाटलं, समितीतर्फे आले असतील. मग निवेदिकेने ओळख करून दिली: गेली अनेक वर्षं कंपनीचं शासकीय कामकाज समर्थपणे सांभाळणारे, पोषण संस्थेच्या स्थापनेत मोलाचा वाटा असलेले श्री. निरंजन टिपणीस. त्या बिचारीला काय माहीत की ती काय बोलून गेली. संस्था कंपनीचीच. तज्ज्ञ कंपनीचा. आणि तो आमच्या चुलीजवळ बसून आजोळ सांगत होता.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. त्यांनी मला ओळखलं, नमस्कार केला, गोकर्णाबाई कशा आहेत म्हणून विचारलं. माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण केसाने गळा कापलात एवढं नक्की बोलले. आजूबाजूचे लोक कप घेऊन दूर सरकले.

टिपणीस शांत होते. "मी अहवालात एक शब्द खोटा लिहिला नाही," ते म्हणाले. "तुम्ही दाखवा, एक वाक्य."

"तुम्ही कंपनीचे आहात हे लिहिलंत?"

"ते कुणी विचारलं नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "हे बघा बाई, मुंबईत असले निर्णय आधी होतात. समिती कारण शोधायला पाठवतात. पण राजहंससाहेब ऐकणारे नव्हते, त्यांना गरम जेवणच हवं होतं. त्यांना काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला पाहिजे होतं."

"आणि ते तुम्ही आमच्याकडून शिजवून घेतलंत."

"मी फक्त आठवण काढली. केलं त्यांनी."

"आणि रोजचंच आहे, हे?"

ते पहिल्यांदा माझ्या नजरेला नजर न देता बोलले. "त्या तसंच म्हणणार, हे मला ठाऊक होतं. आमची आईसुद्धा असंच म्हणायची. घरात दाणा नसायचा आणि पाहुण्याला म्हणायची, रोजचंच आहे."

मी हातातला कप खाली ठेवला, कारण तो मी त्यांच्या अंगावर फेकला असता. परक्या माणसाला हे जमलं नसतं. कंपनीने मोठ्या पगारावर नेमका आमच्यातला माणूस विकत घेतला होता, ज्याला आमच्या बायकांचा चांगुलपणा कुठे आणि कसा दाबला की काय बाहेर पडतं, हे आईच्या मांडीवर बसून शिकता आलं होतं. मला त्या वेळी त्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही, आणि तो अजून गेलेला नाही.

सभागृहात परत गेल्यावर मी उभी राहिले आणि मोठ्या आवाजात सगळं बोलले. माइक नव्हता. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं असेल. निवेदिकेने वेळेअभावी पुढचा कार्यक्रम जाहीर केला. आठवड्याने मला शिस्तभंगाची नोटीस आली.

पाकिटं गावोगाव पोचली. गोड पीठ. पोरं पहिले काही दिवस कोरडंच बोटाने चाटायची, मग त्यांना मळमळू लागलं. घरी नेलेली पाकिटं म्हशीच्या आंबोणात जाऊ लागली. दुपारी अंगणवाडीत बसून जेवायचं नाही म्हटल्यावर पोरं येईनाशी झाली. बोरखडीत वजनकाट्यावर काय दिसू लागलं ते मी दर महिन्याला वर कळवत होते. वरून पाकिटांचा साठा पुरेसा आहे का, एवढंच विचारणं यायचं.

असं दोन वर्षं चाललं. मग एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञ, डॉक्टर शुभदा बरडे, स्वतःच्या रजेत आमच्या तालुक्यात आल्या. त्यांना पाकिटं आल्यावर मुलांचं काय झालं ते तपासायचं होतं. कुणी पाठवलेल्या नव्हत्या. अशा माणसाची मी किती वाट पाहिली होती. मी त्यांना पहिल्यांदा बोरखडीलाच नेलं.

मे महिन्याची दुपार होती. अंगणवाडीचा नळ आटलेला, सेविका सुट्टीवर. डॉक्टरबाई सकाळपासून दारोदार जाऊन फितीने पोरांचे दंड मोजत होत्या, ओठ सुकले होते. गोकर्णाबाईंकडे त्यांची नात होती, तीही वजनाला कमी. आम्ही त्यांच्या ओसरीवर गेलो. गोकर्णाबाईंनी नातीला पुढे केलं, दंड मोजू दिला, विचारलं त्याची उत्तरं दिली. एक शब्द जास्त नाही. माठ समोरच होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

डॉक्टरबाईंनी काम संपवलं आणि हसून म्हणाल्या, "आजी, थोडं पाणी मिळेल का?"

गोकर्णाबाई हलल्या नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी म्हटलं, "गोकर्णाबाई, या चांगल्या बाई आहेत. पोरांसाठीच आल्यात."

"असतील," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरबाईंकडे पाहून, अगदी साध्या आवाजात, "पाणी देल्लं, तर उद्या लिहसान, पोरांचं पाणी पाहुण्यांले पाजते म्हून."

त्या नातीला घेऊन आत गेल्या. दार लावून घेतल्याचा आवाज आला. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपमधली बाटली आणायला गेले.